बाकी सगळं बंद

आमच्या हिच्या सांगवीच्या मामांइतका यादीबरहुकूम जगणारा माणूस उभ्या बारामती तालुक्यात दुसरा नसेल. ती यादी मी एकदा बिघडवली आणि बोलणी मात्र मामांनी खाल्ली, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

मामा गावाला वायरलेस इंटरनेट पुरवतात. पाण्याच्या टाकीवर मुख्य डबा आणि घरोघरी छपरावर ताटलीएवढी अँटेना. कशाला वाट द्यायची आणि कशाला अडवायचं, याची यादी त्या डब्यात भरलेली असते. डबा ती वरून खाली वाचतो. जी ओळ पहिल्यांदा लागू पडेल तिथं थांबतो, पुढचं बघत नाही. शाळेचे तास चालू, बाजारभाव चालू, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चालू, आणि अगदी शेवटी ‘बाकी सगळं बंद’. हाच कायदा मामांनी संसारालाही लावलेला. मामींना साडी घ्यायला बारामतीला गेले, तेव्हा दुकानदाराला पायरीवरूनच सांगितलं, “हिरवी चालंल, मोरपंखी चालंल, बाकी सगळं बंद.” पहिलीच साडी हिरवी निघाली आणि मामा उठले. “आवो, दुसरी बगू तरी द्या!” मामी म्हणाल्या. “जुळलं की थांबायचं,” मामा चपला घालत होते. पंगतीत भाताआधी जिलबी आली तर ताटावर हात आडवा धरून बसतात. वाढपी कितीही आग्रह करो, हात हलत नाही.

मी इंदापूरला कचेरीत नोकरी करतो. गेल्या दिवाळीत मामांकडं मुक्कामाला होतो. मामा भिगवणला एका साखरपुड्याला निघाले आणि कुणाच्या तरी नव्या मोटारीची ओळ तेवढी यादीत भरायला मला सांगून गेले. ती मी भरली. मग कचेरीतली सवय आडवी आली. आमच्याकडं सक्त ताकीद नेहमी वर असते. ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’ ही पाटी कुणी परसात लावतं का? मी ‘बाकी सगळं बंद’ उचलून सर्वांत वर ठेवलं. डब्यानं पहिली ओळ वाचली आणि गाव बंद केलं. मलाही बंद केलं, त्यामुळं दुरुस्त करायला आत शिरता येईना.

मामा एसटीनं परतले तोवर अंगणात माणसं जमली होती. शेजारचे बबनराव सर्वांत तापलेले, मामांना म्हणाले, “तात्या, पोरीची नोकरीची मुलाखत चालली हुती, मदीच तुटली. उचला तुमची ताटली!” मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “माझीच चूक हाय.” दुखऱ्या गुडघ्यानं टाकीची शिडी चढले, डबा कोरा करून यादी पहिल्यापासून भरून आले. मी दाराआड उभा होतो. बबनरावांनी अँटेना काढलीच. त्यांचं बघून आणखी काही घरं गेली.

“माझं नाव का नाही घेतलंत?” मी नंतर विचारलं.

“जावयाचं नाव, चारचौघांत? ती ओळ माझ्या यादीत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी मी कुणाला काही न सांगता इंदापूरला परतलो.

परवा सांगवीला गेलो तो आधी बबनरावांच्या दारात. “मामांचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी यादीतली ओळ मी हलवली होती.” मुलीला पुढं दुसरीकडं नोकरी लागली होती, तरी त्यांनी मला आत या म्हटलं नाही. मग म्हणाले, “आन् तात्यानं एवढे दिवस ऐकून घेतलं?”

मामा ओट्यावर बसून एक काढून आणलेली अँटेना फडक्यानं पुसत होते. मी समोर बसलो, तोंड उघडलं. काय येतंय ते त्यांनी ओळखलं असावं. जिलबीपुढं धरतात तसा हात आडवा धरला. “पाव्हणं, हे यादीत न्हाय.”

मी तो हात धरून हळूच खाली केला आणि म्हणालो, “मामा, माझं चुकलं.”