हिरव्या रकान्यातली बाई

राजूरला घरोघरी जाऊन आहाराचे फॉर्म भरायचं काम मी दोन वर्षं केलं. त्या कामाची मला अजून शिसारी येते. काल काय खाल्लं ते विचारायचं. डाळीला इतके गुण, पालेभाजीला इतके, फळाला इतके. बेरीज कमी आली की नाव लाल रकान्यात, आणि त्या माणसाची साखर तिथल्या तिथे तपासायची. बेरीज चांगली आली की हिरवा रकाना. म्हणजे धोका कमी, तपासणी नाही, चला पुढच्या घरी.

एका घरातल्या पन्नाशीच्या बाईनं घडाघडा सांगितलं, "वरन होतं, मेथीची भाजी, अंड्याचा रस्सा, भाकर." मी हिरव्यात लिहून, तिला तसं सांगून मोकळी झाले. आमच्याकडे बाईला काय खाल्लं विचारलं की ती काय रांधलं ते सांगते. हे मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? मी याच जिल्ह्यातली, नेरची. माझी आईही असंच सांगायची. पण मला वणीची बस गाठायची होती आणि दिवसाचे फॉर्म पुरे करायचे होते.

सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले, तर ती दारात बसलेली, डाव्या पायाला पट्टी. साखर वाढून जखम चिघळली होती, दोन बोटं काढावी लागली होती.

"पाय बधिर होऊन राह्यला होता," ती म्हणाली. "पन तुमी हिरवं लिवलं होतं ना मॅडम, म्हनून दवाखान्यात गेली नाई."

आवाजात रागाचा लवलेश नाही. उलट मला बसायला पाट दिला. मला स्वतःची किळस आली.

नवा फॉर्म काढला. पुन्हा तेच, वरण, भाजी, अंडी. या वेळी मी पेन खाली ठेवलं.

"मावशी, तुमचं ताट दाखवा बरं. किती वाढून घेता ते पाहू द्या."

ती हसायला लागली. "माहं ताट कायले? सगळ्यायचं झालं का मी भाताच्या गंजातच, भांड्यातच खातो. बुडाले भात लागलेला असते, त्यातच पानी अन् मीठ."

"आणि अंडी?"

"अंडे तं खदानीत जानाऱ्या पोरायले लागते." मग ती एकदम गंभीर झाली. "हे लिवू नोका मॅडम. पोरायले समजन तं वाईट वाटन त्यायले."

मी लिहिलं. तिनं स्वतः खाल्लेलं पहिल्यांदाच लिहिलं, तिची दोन बोटं गेल्यावर.