माझ्याकडे तर चालतंय, सर

परब सर गेले, आणि शेवटचा दीड महिना मी त्यांना एकच वाक्य ऐकवत होते.

"माझ्याकडे तर चालतंय, सर."

आज महिना झाला. आता लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

सर आमच्या अंधेरीच्या ऑफिसातले सगळ्यात सीनियर. मूळचे मालवणचे, राहायला मुलुंडला. गोराईच्या खाडीत गाळ कुठे साठतो, होड्या कुठे रुततात, हे दाखवणारा नकाशा त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून बनवला होता. नऊ वर्षं खपले त्यावर.

केमो सुरू झाली आणि ते घरी बसले.

नवीन मोजमापं मी ऑफिसातल्या सरांच्या मशीनमध्ये भरली. नकाशा पूर्ण झाला.
फक्त सरांनी तो बघायचा राहिला होता.

सोपं काम होतं. घरून ssh ने त्याच मशीनवर लॉगिन करायचं, प्रोग्रॅम तिथे चालवायचा आणि -X लावून त्याची विंडो घरच्या लिनक्स लॅपटॉपवर उघडायची. आम्ही रोज करतो.

सरांचा फोन. "काय एक येणा नाय गो."

"ssh ला -X लावलंत ना?"

"लावलंय गो बाये. तुझ्या जन्माआधीपासून लावतंय."

"एरर काय देतो?"

"एररच नाय. कमांड घेता आणि गप."

मी माझ्या लॉगिनने करून बघितलं. झटकन विंडो आली. मग म्हटलं ते वाक्य.

वर अक्कल पाजळली. नेट स्लो असेल. लॅपटॉप रीस्टार्ट करा. -X नको, -Y करा.

स्क्रीनशॉट पाठवते म्हटलं, तर चिडले. "फोटो नको माका. आत शिरून बघूचा आसा."

बिचारे दर दोन दिवसांनी कमांड देऊन बघायचे, मला फोन करायचे. मग फोन कमी झाले. मला वाटलं, थकले असतील. खरं सांगू? मला बरंच वाटलं. दुसऱ्या कामाचं रिलीज होतं, डोक्याला ताप होता.

नंतर एका मंगळवारी सरांच्या नंबरवरून फोन आला, तो काकूंचा.

तेराव्यानंतर सरांचं टेबल आवरायला गेले. मी बसते तिथून दहा पावलांवर.

सीपीयू चालूच होता. सर मशीन कधी बंद करायचे नाहीत, लॉकही नाही. "माझ्याकडे चोरण्यासारखा काय आसा?" फक्त निघताना मॉनिटरचं बटण दाबायचे, वीज वाया नको म्हणून.

मी बटण दाबलं.

गोराईची खाडी.

त्या विंडोमागे अजून एक विंडो. तिच्यामागे अजून एक.
सतरा विंडो. सगळ्यात खाडी.

सरांची कमांड प्रत्येक वेळी बरोबर होती. विंडो प्रत्येक वेळी उघडत होती. फक्त मुलुंडला नाही. इथे, बंद मॉनिटरमागे, रिकाम्या खुर्चीसमोर.

त्यांच्या लॉगिनबरोबर आपोआप चालणारी फाइल उघडली. तिथे एक ओळ होती:

export DISPLAY=:0

म्हणजे, कुठूनही लॉगिन करा, विंडो ह्याच मशीनच्या पडद्यावर उघडायची.

ही ओळ मीच घातली होती. दोन वर्षांपूर्वी सरांना मीटिंगच्या टेबलावरून नकाशा आपल्या मोठ्या मॉनिटरवर लावायचा होता. दोन मिनिटांचा जुगाड. सर म्हणाले होते, "झकास!" मी विसरून गेले.

एरर नाही म्हणजे विंडो कुठेतरी उघडली आहे. हे मी नवीन पोरांना शिकवते, यार. दीड महिन्यात एकदा त्यांच्या लॉगिनने बघितलं असतं. एकदा उठून दहा पावलं चालले असते.

ओळ काढली. रविवारी मुलुंडला गेले.

सरांच्या लॅपटॉपवर त्यांचीच कमांड दिली. विंडो आली.

काकू चष्मा लावून जवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"होच काय तो नकाशो?"

"हो, काकू."

"शेवटाक म्हणत होते, माझ्याच हातून काय तरी चुकता. आता माका जमणा नाय."

काकूंना खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून इथे सांगते आहे, सगळ्यांसमोर.

सर, तुमचं काहीही चुकलं नव्हतं.
सतराच्या सतरा वेळा बरोबर होतात. ओळ माझी होती.

माफी मागायलाही उशीर केला मी.

सुखान जावा, सर.