वाटणीत लंबू तिकडं गेला

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी सगळ्यांनी पेढे वाटले आणि मी एकट्यानं शिव्या दिल्या. हॉस्टेलच्या खोलीत बसून दिल्या, पण चांगल्या मोठ्यानं दिल्या. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवा कलेक्टर, नव्या पाट्या, हे सगळं ठीक आहे. पण जिल्ह्याची वाटणी झाली की बास्केटबॉलच्या टीमचीपण वाटणी होते, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. जुन्या जिल्ह्याची आमची एकच टीम होती. माझं गाव उदगीर, म्हणून मी लातूरच्या वाट्याला आलो. लंबूचं गाव हद्दीच्या पलीकडं राहिलं, म्हणून लंबू उस्मानाबादला गेला. हद्द म्हणजे फक्त एक ओढा. त्या ओढ्याला पाणीसुद्धा नव्हतं. कोरड्या ओढ्यापायी माझी टीम फुटली, मग शिव्या देऊ नको तर काय आरती करू?

लंबू कोण ते सांगतो, त्याआधी मी कोण ते सांगतो. मी पाचवीत होतो तेव्हाही बुटका होतो आणि आज रिटायर होऊन बसलो तरी बुटकाच आहे. उदगीरला आमच्या शाळेमागं नुसता खडक होता. मोठा दुष्काळ पडला तेव्हा सरकारनं लोकांना काम द्यायचं म्हणून तो खडक फोडायला काढला. माझी आई तिथं टोपल्यानं मुरूम वाहायची. सपाट जागा झाली, पण ती कशासाठी केली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग आमच्या पीटीच्या सरांनी कुठून तरी दोन खांब आणले, त्यावर फळ्या आणि कड्या ठोकल्या आणि आम्हाला सांगितलं, हे बास्केटबॉल. आई शेवटपर्यंत म्हणायची, ‘ते मैदान म्या केलंय.’ त्यावर कुणी थुंकलेलं दिसलं तर ती रस्ता सोडून भांडायला जायची.

सरांनी माझ्याकडं एकदा वरून खाली बघितलं. जास्त वेळ लागला नाही. म्हणाले, ‘तू कडीकडं बघूच नको. तू फक्त बॉल पुढं ने आणि दुसऱ्याला दे.’ झालं, माझी सगळी कारकीर्द त्या एका वाक्यात आली. पॉइंट गार्ड हा शब्द मला पुढं लई वर्षांनी कळला. आमच्याकडं ‘बॉल नेणारा’ म्हणायचे.

लातूरला कॉलेजात आलो तर हॉस्टेलच्या खोलीत हा सव्वासहा फुटाचा गडी. पलंगाच्या बाहेर गुडघ्यापासून पाय. खात्यापित्या शेतकऱ्याचं पोरगं, घरी देवणी बैलांची जोडी, वर्गात झोपायचं आणि गावाकडची भाकर आली की जागं व्हायचं. मीच त्याला मैदानावर ओढत नेलं. त्याला बॉल टप्पे मारत नेता येत नव्हता, पळता येत नव्हतं, नियम तर त्यानं शेवटपर्यंत शिकले नाहीत. पण कडीखाली उभं राहून वर हात केला की बॉल आणि कडी यांच्यात काही अंतरच उरायचं नाही. बॉल मागायची त्याची तऱ्हा वेगळी होती. बाकीचे पोरं ‘दे दे’ म्हणून बोंबलायचे. हा जिभेनं टक् असा आवाज काढायचा, बैल हाकतात तसा. पहिल्यांदा मी भडकलो. म्हणलो, ‘मी काय बैल हाव का बे?’ तो म्हणला, ‘बैल टक् केल्यावर इतक्या लवकर वळत न्हाई.’

पण त्याचं खरं होतं. टक् ऐकलं की माझा हात आपोआप जायचा. बघायची गरजच नाही. मी पुढं बघत असायचो, बॉल मागं गेलेला असायचा आणि लंबूच्या हातात असायचा. माझा पास जरा जोरात जातो, हे मला मान्य आहे. दुसऱ्यांच्या तो नाकावर बसायचा. लंबूचे पंजे सुपाएवढे, त्यात तो निमूट जाऊन पडायचा. सुट्टीत आम्ही दोघं उदगीरला यायचो. आई त्याला समोर बसवून भाकरी वाढायची, तो खायचा, ती अजून वाढायची. मला म्हणायची, ‘बघ, असं जेवावं माणसानं.’

तर असा माझा लंबू वाटणीत तिकडं गेला. खोली तीच, पलंग तेच, पण टीम दुसरी.

थोड्या दिवसांनी ठरलं की नव्या जिल्ह्याची पहिली मॅच जुन्या जिल्ह्याशी लातूरला खेळवायची. आणि नेमका नांदेडहून एका महामंडळाचा साहेब ती बघायला येणार होता. त्यांना त्यांची टीम उभी करायची होती. खेळात निवडलं की नोकरी पक्की. सकाळी फायली, संध्याकाळी बॉल, आणि म्हातारपणी पेन्शन. लंबूला त्याचं काही नव्हतं, त्याच्या घरी जमीन होती. मला होतं. पुन्हा पावसानं तोंड फिरवलं होतं आणि आई पन्नाशीला टेकलेली असून पुन्हा रोजगार हमीवर मुरूम उचलून राहिली होती. ती नोकरी मला लागली तर तिच्या डोक्यावरचं टोपलं उतरणार होतं. मला दुसरं काहीच नको होतं. रात्रंदिवस मला ते टोपलंच दिसायचं.

मॅचच्या दिवशी आई उदगीरहून एस्टीनं आली. जन्मात पहिल्यांदा बास्केटबॉल बघायला आली. आल्या आल्या मैदानावर टाच आपटून बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘मुरूम दाबला न्हाई नीट.’ मैदानावर मारायला पाण्याचा टँकर मागवला होता. तो आला खरा, पण गल्लीतल्या बायकांनी त्याला वेशीवरच गाठलं आणि घागरी भरून मोकळा केला. बरोबरच केलं त्यांनी. मैदान मात्र कोरडं ठक्क राहिलं. शिट्टी वाजली, दहा जण पळाले आणि अशी धूळ उठली की आमचा पिवळा शर्ट आणि त्यांचा लाल शर्ट, दोन्ही मुरमाच्या रंगाचे झाले.

आता माझी नवी टीम ऐका. एक कबड्डीवाला, एक व्हॉलीबॉलवाला, एक जण उंची मोजताना टाचा उचलून आत आलेला, आणि एकाला त्याच्या मामानं घुसवलेलं. मी पास द्यायचो आणि बॉल कुणाच्या छातीवर, कुणाच्या कानावर. मामाच्या भाच्याच्या नाकातून रक्त आलं. धुळीतून मधूनच साहेब दिसायचा. खुर्चीत बसलेला, मांडीवर वही. मग एकदा बघितलं तर साहेब उठून उभा राहिला होता. संपलं म्हणलो.

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला आवाज आला. टक्.

हात गेला. बॉल गेला. नंतर माझं डोकं गेलं. लंबूनं तो धरला, आमच्याच कडीत आरामात टाकला आणि पंचानं त्यांना दोन पॉइंट दिले. मग लातूरकर पब्लिकनं जे सुरू केलं ते इथं लिहिता येत नाही. त्या सगळ्या शिव्यांत एकच आवाज कौतुकाचा होता, माझ्या आईचा. ती उभी राहून टाळ्या वाजवून राहिली होती. ‘शाब्बास! दे, लंबूलाच दे!’ तिच्या लेखी जिल्ह्याची वाटणी झालीच नव्हती. आजूबाजूच्यांनी तिला सांगायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, ‘गप बसा, त्यो आमच्या घरी जेवतो.’

मी लंबूकडं बघून दात खाल्ले. त्यानं तोंड दुसरीकडं केलं. मग पुन्हा टक्. पुन्हा माझा हात! कानात बोळे घालावेत असं वाटलं. असं चार वेळा झालं. चार वेळा मी, नव्या जिल्ह्याचा पहिला कॅप्टन, जुन्या जिल्ह्याला पॉइंट वाढून दिले, आणि आम्ही दोन पॉइंटनं हरलो. एवढं मात्र दिसलं की साहेब पुन्हा खुर्चीत बसला होता. मला वाटलं, माझी बेइज्जती शेवटपर्यंत बघायला बसला असेल.

मॅच संपल्यावर साहेबानं मला बोलावलं. ‘काय रे, तू नेमका कुणाकडून खेळतो?’ मी रडकुंडीला आलो होतो, खरं ते सांगून टाकलं. टक् सांगितलं, बैल सांगितले, ओढा सांगितला. साहेब हसला नाही. त्यानं मला मैदानाच्या कडेला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, हातात बॉल दिला आणि लंबूला म्हणाला, ‘पाहिजे तिथं जा आणि आवाज काढ.’ लंबू कुठं कुठं गेला कुणास ठाऊक. टक् झालं की मी भिंतीकडं बघत मागं फेकायचो. आई शेजारी उभी राहून मोजत होती. तिला धापर्यंतच येत होतं. धा झाल्यावर ती साहेबाला म्हणाली, ‘आता बस करा, लेकरं उपाशी हायत.’

साहेबानं वही उघडली. म्हणाला, ‘घेतलं तर दोघांनाही घेणार. एकटा तू माझ्या काय कामाचा?’

तर अशी माझी कारकीर्द. नांदेडला महामंडळाकडून पंधरा-सोळा वर्षं बॉल नेला. लंबू कडीखाली, मी पुढं. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात मधल्या फळीवर झोपून गावोगाव गेलो, कुठं जिंकलो, बऱ्याच ठिकाणी हरलो. गुडघे गेले, मग टेबल आलं, मग पेन्शन. आईनं टोपलं खाली ठेवलं ते पुन्हा उचललं नाही. पण त्या मॅचवरून मी लंबूला चाळीस वर्षं शिव्या दिल्या. ‘मुद्दाम टक् केलंस, मॅच चोरलीस, माझ्या जिवावर नोकरी मिळवलीस,’ असं लग्नात म्हणलो, बारशात म्हणलो, साहेबाच्या निरोप समारंभात माइकवर म्हणलो. तो आपला खाली मान घालून जेवायचा.

परवा नांदेडला घाटावर बसलो होतो दोघं. लंबूचे पुढचे दात काढलेत, कवळी अजून व्हायची आहे. मी म्हणलो, ‘बरं झालं. आता टक् कुठून काढशील? आता फसव कुणाला तरी.’

तो नदीकडं बघत बोबडं बोलला, ‘तू खाली धुळीत होतास. माझं डोकं धुळीच्या वर होतं. मला साहेब दिसत होता. त्यानं पेनाला टोपण लावलं, वही बगलेत मारली अन् निघाला. तुझा एकबी पास कुणाला धरता येत न्हवता. कुणीतरी धरायला पायजे होता, त्याशिवाय त्याला कळणार कसं?’

नोकरीची गरज नसलेला हा माणूस घरची जमीन भावाच्या हवाली करून नांदेडला कशाला आला, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

‘मग चाळीस वर्षं बोलला का न्हाईस, मुडद्या?’ मी ओरडलोच.

‘तू इचारलंच न्हाई कधी,’ तो म्हणला. ‘तू नुसत्या शिव्या दिल्या.’

मी उठलो आणि डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून पाठ फिरवून उभा राहिलो. हातात उकडलेल्या शेंगांची पुडी होती, दोघांत मिळून घेतलेली. मागं त्यानं जिभेनं काहीतरी केलं. टक् झालं नाही, नुसती फुस्स हवा आली. माझा हात गेला. न बघता पुडी मागं फेकली.

त्यानं ती धरली आणि सगळ्या शेंगा एकट्यानं खाल्ल्या.