दोन्कावहिनीचं पिंप, मिन्चोदादाचं पोतं

दुसऱ्यांच्या घरात डोकवायची मला सवय नाही. पण कुंपणच मेलं कमरेएवढं, त्याला मी काय करू? मिन्चोदादा आणि दोन्कावहिनी माझे शेजारी. त्यांचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते, त्यांच्या वरातीत नाचले आहे. तेव्हापासून बघते आहे, ही दोघं भांडतात कशावर? पैशावर नाहीत, मुलांवर नाहीत, दारूवर नाहीत. भांडतात ती खतावर.

त्यांच्या परसात टोमॅटोचे दोन वाफे आहेत. मधे एक फळी टाकलेली. फळीच्या अलीकडे दादाचं राज्य, पलीकडे वहिनीचं. दोघांचं बी एकच, आमच्याकडचे गुलाबी टोमॅटो, एकेक फळ दोन्ही हातांत न मावणारं. रोपं दोघं एकाच खिडकीत, दह्याच्या रिकाम्या डब्यांत वाढवतात, आणि मे महिन्यात एकाच दिवशी लावतात. पण एकदा रोप मातीत गेलं की फळी ओलांडायची नाही.

दादा बावीस वर्षं सहकारी शेतीच्या गोदामात खतांचा कोठारी होता. डोळे मिटून नुसत्या बोटांनी चिमूट चोळून सांगायचा, हे नायट्रेट, हे पोटॅश, आणि ह्यात कोणीतरी मीठ मिसळलंय, कोण तो चोर? पुढे सहकारी शेती बुडाली, गोदामाच्या छपराचे पत्रेसुद्धा लोकांनी उचलून नेले, पण दादाचा कोठारीपणा काही गेला नाही. पडवीत अजून त्याचं पांढऱ्या दाणेदार खताचं पोतं असतं. "झाडाला काय हवं ते मोजून द्यावं," तो म्हणायचा. "पालापाचोळा कुजवून घालणं म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार."

"पांढरं विष!" वहिनी फळीपलीकडून ओरडायची. "तुझ्या टोमॅटोला चव तरी आहे का? गाढव हुंगून पुढे जाईल!"

वहिनीचं सगळं पिंपात. निळं प्लॅस्टिकचं पिंप, पूर्वी त्यात ती कोबी खारवायची, आता कोप्रिवा कुजवते. कोप्रिवा म्हणजे अंगाला लागली की आग आग करणारी ती रानटी झुडपं. वसंतात कोवळी असली की आम्ही तिचं सूप करतो, जून झाली की वहिनी ती कापून पिंपात भरायची, वर पाणी ओतायची आणि दोन आठवडे कुजू द्यायची. वास? बाई बाई बाई! टपालवाला आमच्या गल्लीत श्वास धरून सायकल मारायचा. त्या काळ्या पाण्याचा एक भाग आणि साध्या पाण्याचे दहा भाग, ते बुंध्याशी. शिवाय ओकच्या लाकडाची राख. बस.

आणि खरं सांगायचं तर टोमॅटो वहिनीचेच सरस. जुलैच्या शेवटी ती दोघं बाकावर ताटं मांडायची, मीठ, पांढरं चीज, रकियाचे, म्हणजे आमच्या घरगुती फळांच्या दारूचे छोटे ग्लास, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी चाखून सांगायचं. दादाची झाडं माणसाहून उंच, नुसती पानंच पानं, कारण मोजून द्यावं म्हणणारा हा माणूस दरवर्षी एक चमचा जास्तच घालणार. वहिनीची झाडं बेताची, पण फळांनी वाकलेली. आम्ही सगळे वहिनीच्या बाजूने हात वर करायचो. दादा आपला गालातल्या गालात हसत रकिया ओतायचा. मला वाटायचं, हरला तरी काय निर्लज्जासारखा हसतोय!

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात वहिनी चेरीच्या झाडावरून पडली. त्र्याहत्तर वर्षांची बाई शिडीवर चढून चेरी काढते, आता काय बोलायचं? खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका आली, तिला स्ट्रेचरवर घेतलं, आणि फाटकापाशी वहिनी ओरडली, "थांबा! मिन्चो, पाव आण!"

"आजी, भूक नंतर लागेल," रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला.

"तुला कोणी विचारलं? मिन्चो, पाव!"

दादा धावत जाऊन पाव घेऊन आला. अख्खी गल्ली जमलेली. वहिनीने त्याचा हात धरून पावावर ठेवला. "शपथ घे. माझ्या वाफ्यात पांढऱ्याचा एक कणसुद्धा पडणार नाही."

"अगं, आत्ता हे काय..."

"घे!"

दादाने घेतली. आमच्याकडे पावावरची शपथ मोडत नाहीत. मोडली तर ती ज्याच्यासाठी घेतली त्याला भोवते, असं आमची आई म्हणायची, सगळ्यांच्याच आया म्हणायच्या.

मग वहिनीचा आवाज उतरला. "आणि ऐक. ती रोपं जगली तर मी चालेन. वाळली, तर कपाटाच्या वरच्या खणात माझं गाठोडं आहे." ते गाठोडं आम्हा सगळ्या बायकांकडे असतं. नवे मोजे, नवा रुमाल, काळा झगा, शेवटच्या दिवसासाठी. दादा पांढराफटक पडला. ती म्हणून गेली, पण त्याने ते काळजावर लिहून घेतलं.

आठ दिवसांत येते म्हणाली आणि सात आठवडे लागले. प्लोवदिवच्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया, मग ताप, मग चालायला शिकवणाऱ्या कुठल्याशा संस्थेत. इकडे दादा हातमोजे न घालता कोप्रिवा कापायचा, कारण वहिनी घालत नसे. हात सुजून पावासारखे झाले. पिंप भरलं, ढवळलं, गाळलं, एकास दहा. राख चाळून घातली. आणि तरी जूनच्या अखेरीस वहिनीची रोपं पिवळी पडायला लागली. खालची पानं आधी, मग मधली. मारित्सा नदीकाठची आमची रेताड जमीन, त्यात त्या वर्षी धो धो पाऊस, घातलेलं सगळं खाली वाहून जायचं.

फोन आला की वहिनी पहिल्यांदा तेच विचारायची. "कशी आहेत?"

"मस्त," दादा सांगायचा. थापाड्या!

"पिंपात काय घालतोयस?"

"कोप्रिवा."

"नुसती कोप्रिवाच? नुसतीच?"

"नुसतीच. शपथ घेतलीय ना."

 मग ती म्हणायची, "बरं," आणि फोन ठेवायची.

शेवटी माझ्याच्याने राहवेना. मी कुंपणावर दोन्ही हात टेकून म्हटलं, "दादा, मूठभर पांढरं टाका आणि मोकळे व्हा. कोण बघतंय? मी आंधळी, मी बहिरी."

"नाही जमणार, स्ताम्का."

"झाडं मरताहेत! आणि वहिनी काय बोलून गेली ते विसरलात?"

"विसरलो असतो तर झोप लागली असती," तो म्हणाला आणि पिंपाकडे वळला. मी रागाने आत गेले. हा माणूस एका पावाच्या तुकड्यापायी बायकोला गमावणार, असं माझ्या मनात आलं, आणि त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात नको नको ते बोलले.

जुलैच्या शेवटी वहिनी आली. वॉकरची चौकट धरून, एकेक पाऊल टाकत. घरात गेलीच नाही, सरळ परसात. मी मागून चालले होते, पडली तर धरायला. खोटं का बोलू, बघायलासुद्धा.

तिची चौदा रोपं उभी होती. पिवळी, किडकिडीत, प्रत्येकावर दोन-तीन फळं. पण चौदाच्या चौदा जिवंत. वहिनीने बोटाने मोजली. मग तिची नजर फळीपलीकडे गेली.

"हे काय? तुझी का पिवळी?"

इतके दिवस मी वहिनीच्याच वाफ्याकडे बघत होते. दादाच्या बाजूला लक्षच गेलं नव्हतं. त्याची झाडं कमरेएवढी, फिकट, हिच्याहून वाईट.

"खत घातलं नाही," दादा म्हणाला.

"एक कणही?"

"तुझ्या झाडांना द्यायचं नाही आणि माझ्यांनी जेवायचं? तू इथे नसताना तुला हरवू कशाला?"

वहिनी बाकावर बसली. चौकट बाजूला पडली तरी तिने उचलली नाही. "मिन्चो," ती म्हणाली, "मी दरवर्षी पिंपात तुझं पांढरं टाकायची. मूठभर."

माझा आ वासलेलाच राहिला. बाई गं! आणि आम्ही चाळीस वर्षं हात वर करत होतो!

"दीड मूठ," दादा म्हणाला. "गुरुवारी, मी बाजाराला गेलो की. पोत्यात कोणाचा हात जाऊन आला ते कोठाऱ्याला कळत नाही होय?"

"ठाऊक होतं तुला? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. मग तुझे टोमॅटो बिघडले असते. मला ते आवडतात."

वहिनीला हसावं की रडावं कळेना, मग तिने दोन्ही केलं. "अरे गाढवा, मग ह्या वर्षी का नाही टाकलंस? फोनवर मी किती आडून आडून विचारत होते!"

दादाने आपल्या सुजलेल्या हातांकडे पाहिलं. "रोज पोत्यापाशी जाऊन उभा राहायचो, दोन्का. नाही टाकलं तर रोपं वाळतील आणि तू जाशील. टाकलं तर शपथ मोडेल आणि तू जाशील. करायचं काय माणसाने?" त्याने हात पाठीमागे नेले. "म्हणून नुसती कोप्रिवा कापत बसलो."

मला रडू आवरेना, मी एप्रनला नाक पुसलं. वहिनीने हात लांब करून त्याची बाही धरली आणि आपल्या शेजारी बाकावर ओढलं. शेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला खतातलं एक अक्षर विचारलं नव्हतं.

"बरं, सांग आता," ती म्हणाली. "किती घालायचं?"

दादा गडबडला. दोनदा खाकरला. "बादलीभर पाण्याला एक चमचा. आधी माती ओली करायची, मग बुंध्यापासून वीतभर लांब, गोल ओतायचं."

"हं," वहिनी म्हणाली. "आणि मग?"