मुतलकची जागा

माझी वहिनी मुझ्ना रियाधच्या जुन्या बाजारात, बायकांच्या रांगेत फडकं अंथरून बसायची आणि सुकी लिंबं, मेंदी, वेलची विकायची. तिच्याशी घासाघीस करायला भल्याभल्या कचरायच्या. "वास घेऊन घेऊन निम्मी वेलची तूच संपवलीस, बाई. आता घरी काय नुसतं नाक नेणार?" असं ती राजवाड्यातून आलेल्या बाईलाही ऐकवायची आणि वर मूठभर वेलची तिच्याच पिशवीत टाकायची.

तिचा नवरा, म्हणजे माझा दादा दखील, अगदी उलटा. मशिदीत पहिल्या रांगेत उभा राहणारा, तोंडातून शब्द मोजून काढणारा, धर्माच्या बाबतीत भलताच कडक. घरात तसबीर नको, गाणं नको, मेलेल्यामागं मोठ्यानं रडणं तर मुळीच नको. मी विधवा झाल्यापासून त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे या दोघांच्या कुरबुरीत माझं डोकं उठायचं. तरी खरं सांगते, संसार वाईट नव्हता. मुतलक होता तोवर आमच्या घरात भरपूर हसणं होतं.

मुतलक त्यांचा एकुलता एक. मिसरूड फुटलेला, आईसारखाच तोंडाळ. वाळवंटातल्या रस्त्यावर त्याची गाडी उंटाला धडकली. सकाळी बातमी आली, दुपारी त्याला न्हाऊ घातलं, अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर पुरुषांनी त्याला खांद्यावर घेतलं. आमच्या बायका कबरस्तानात जात नाहीत. वहिनी उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच चौकट धरून उभी राहिली. सूर्य बुडायच्या आत दादा परत आला. त्याच्या झग्याच्या घेराला ओली माती लागली होती.

"कुठं ठेवलंत त्याला?" वहिनीनं विचारलं.

"जिथं सगळे असतात तिथं."

"म्हणजे कुठं? भिंतीजवळ? दारापासून लांब?"

"मुतलकची आई, जागेचं काय घेऊन बसलीस? दुआ कुठूनही पोचते."

मुलगा गेला तरी दादा तिला मुतलकची आई म्हणायचा आणि ती त्याला मुतलकचे बाबा. दुसऱ्या नावानं हाक मारायची सवयच उरली नव्हती.

आमच्या कबरी म्हणजे मातीचा वीतभर उंचवटा आणि उशाशी एक ओबडधोबड दगड. त्यावर नाव नाही, काही नाही. हमालाची असो की राजाची. हे मला लहानपणापासून बरोबरच वाटत आलंय. पण वहिनीची बाजाराची वाट त्या कबरस्तानाच्या भिंतीला लागूनच जायची. रोज ती तिथं थांबून सलाम करायची आणि रोज अडखळायची. "तर्फा, तोंड कुठं करू गं? तो माझ्या पाठीमागं असला तर? आईनं पोराकडं पाठ करून सलाम करायचा?" मी काय सांगणार, कपाळ!

मग घरी येऊन दादाला विचारायचं. कधी गोडीनं, कधी भांडून. दादा मूग गिळून बसायचा किंवा खूण ठेवणं धर्मात बसत नाही असं काहीतरी पुटपुटायचा. "तुमच्या छातीत काळीज आहे की त्या उशाशी ठेवतात तसला दगड?" असं ती एकदा पाहुण्यांदेखत म्हणाली. दादानं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि बाहेर निघून गेला. मलाही तेव्हा तिचंच खरं वाटलं. दोन शब्द सांगायला माणसाचं काय जातं?

अशी वर्षं गेली आणि एका हिवाळ्यात राजा गेला. पहाटेपासून टीव्हीवर नुसतं कुराणपठण चालू होतं, तेव्हाच आम्ही ओळखलं. मग निवेदकानं राजा अल्लाला प्यारा झाल्याचं सांगितलं आणि त्याच दमात नव्या राजाचं नावही सांगितलं. दादानं मेंढीच्या कातड्याचा जुना कोट चढवला. त्या कोटाला पाठीवर वहिनीनंच काळं ठिगळ लावलेलं.

"जनाज्याला जातो," तो म्हणाला. "मग तिकडूनच नव्या राजाला बैअत द्यायला जाईन. हातात हात देऊन इमान वाहिलं पाहिजे."

"जा की. राजाचं बरं असतं. एक गेला की संध्याकाळच्या आत दुसरा बसतो, जागा रिकामी राहत नाही," वहिनी म्हणाली. "माझ्या मुतलकच्या जागी कोण बसवू, तेवढं विचारून या."

दादा चपला घालून निघून गेला. मला त्याचा राग आला आणि तिचाही.

दुपारी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. पेटी नाही, तोफा नाहीत, फुलं नाहीत. साध्या फळीवर कफनात गुंडाळलेला राजा, वर एक तपकिरी अंगरखा, आणि खांदा द्यायला त्याची मुलं. गर्दी कबरस्तानात शिरली, कॅमेरा वर गेला आणि वहिनी ताडकन उठली.

"तर्फा, हेच ना ते? आपलंच ना?"

जन्मभर जिच्या कडेनं चालत आलो, त्या भिंतीच्या आतलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. नजर पोचेल तिथवर सारखेच उंचवटे, सारखेच दगड. "केवढं मोठं आहे गं," ती म्हणाली आणि पडद्याला नाक लागेल इतकी पुढं सरकली. राजाकडं तिचं लक्षच नव्हतं.

तेवढ्यात मला ते काळं ठिगळ दिसलं. सगळी गर्दी राजाच्या खड्ड्याकडं वळलेली, आणि पार मागं, कोपऱ्यातल्या पाण्याच्या नळाजवळ दादा एकटाच. तो एका दगडापाशी वाकला. सरळ झाला. दुसऱ्यापाशी गेला, मान हलवली, तिसऱ्यापाशी गेला. मग पुन्हा पहिल्याकडं आला. हरवलेली चप्पल शोधावी तसा माझा भाऊ कबरींमधून फिरत होता. कॅमेरा राजाकडं वळला आणि तो दिसेनासा झाला.

वहिनीनंही ते ठिगळ ओळखलं होतं. "अगं, त्यांना माहीतच नाही," ती म्हणाली. "त्यांना कधीच माहीत नव्हतं. आणि मी त्यांना काय काय बोलले!" तिचं रडणं मला बघवेना. मीही रडले, अगदी मोठ्यानं. दादा नव्हताच घरात.

तो बैअतला न जाताच घरी आला. दारातच उभा राहिला, कोट न काढता.

"मुतलकची आई," तो म्हणाला, "दफन झालं त्याच आठवड्यात पाऊस झाला. शुक्रवारी गेलो तर नवी रांग आलेली, सगळे दगड सारखे. मी ठेवलेला कुठला, ते कळेना. तेव्हापासून शोधतोय. तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

वहिनीनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि उठून त्याला कॉफी दिली.

"नळाजवळच्या एका दगडाकडं तुम्ही दोनदा आलात. टीव्हीवर पाहिलं मी. तोच आपला."

"तुला कसं कळलं?"

"मी आई आहे त्याची. तुमच्याशी वाद घालायला मला वेळ नाही. कॉफी प्या आणि बैअत देऊन या, राजा खोळंबलाय."

माझा कडक भाऊ, ज्याला प्रत्येक गोष्टीला पुरावा लागायचा, तो लहान मुलासारखी मान हलवून गेला. त्यानंतर वहिनी बाजाराला जाताना नळाच्या बाजूला तोंड करून सलाम करायची, आणि दादा दर शुक्रवारी त्या दगडापाशी उभा राहायचा. तिथं खरंच मुतलक आहे की दुसऱ्याच कुणाचा मुलगा, ते अल्लाला ठाऊक. राजाची कबर कुठली, तेही आता दादाला सांगता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात वहिनी गेली. आमच्यात जागा निवडत नाहीत, खोदलेला जो खड्डा पुढं येईल तो आपला. मी उंबऱ्यात चौकट धरून उभी होते. दादा परत आला, झग्याला माती. शेजारी सांगत होते, दखीलनं आज कबर खोदणाऱ्याशी इतकी घासाघीस केली की मुझ्नाही हरली असती.

मी विचारायच्या आतच तो म्हणाला, "नळाजवळ, तर्फा."