मामांच्या मोटारीचे बुश

माझ्या मामांनी एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटार घेतली होती. तिरुवैयारू गावाच्या खडबडीत रस्त्याला लागली की ती मागून खडखडायची. "विलायती गाडी बिघडत नाही, तुझ्या वजनानं वाजते," असं मामा मामींना चारचौघांत सुनवायचे.

शेवटी मिस्त्रीनं मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, उतरवले. पाट्यांच्या टोकांच्या भोकांतले बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, झिजून पार लांबुळके झाले होते. विलायतेहून नवे यायला महिने लागले असते, म्हणून आमच्या पेठेतल्या कासारानं पितळेचे ओतून, चरकावर कातून दिले. ते बसवताच आवाज थांबला.

"पाहिलंस? साहेबाची गाडी!" मामा म्हणाले.

"हो, साहेब कासार आहेत हे ठाऊक नव्हतं," मामी म्हणाल्या.

मामा मात्र क्लबात बुश लंडनहून आल्याचं सांगून आले.