नवसाची बाटली

देव माणसाचं ऐकतो की नाही, याची मला फार वर्षं खात्री नव्हती. आमच्या घरात देवाला हात जोडायचं काम माझं आणि दारू प्यायचं काम यांचं, असं जणू वाटून घेतलेलं होतं, आणि दोघंही आपापलं काम नेमाने करत होतो. फरक इतकाच की त्यांना हवं ते रोज मिळत होतं आणि मला मिळत नव्हतं. आता या वयात थट्टा सुचते. तेव्हा मात्र देवीपुढे दिवा लावताना माझ्या मनात तिच्याबद्दल रागच असायचा.

आमचं घर मासे धरणाऱ्यांचं. चामोर्शीपासून पायी जाण्याच्या अंतरावर गाव, गावाला मोठा तलाव, आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेली देवी. तेव्हा आमचा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडायचा. लोकांनी पहिल्यांदाच मतं टाकली होती, त्याच्या आसपासची ही गोष्ट. मोहाची दारू आमच्याकडे लग्नात लागते, मयतीला लागते, जाळं नवं झालं तरी लागते. त्यामुळे माणूस पितो म्हणजे काही वावगं करतो, असं कुणी म्हणत नसे. यांचं पिणं हाताबाहेर गेलं आहे हे गावाला समजेपर्यंत माझं घर बसलं होतं. आमचा पहिला मुलगा हिवतापाने गेला. लहान लेकराला हातांवर घेऊन न्यायचं असतं, बापानेच. यांचे हात इतके कापत होते की लेकरू खाली पडेल म्हणून दिराने ते काढून घेतलं आणि हे मागून भेलकांडत गेले. मी दारात उभी राहून ते पाहिलं. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

त्यानंतर वर्षभराने चामोर्शीच्या बाजूला एका देवळामागच्या धर्मशाळेत एक जागा सुरू झाली. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, नागपूरकडचे एक गृहस्थ ती चालवत. सगळे त्यांना कंपौंडरभाऊ म्हणत. पिणाऱ्यांनी सकाळी उजाडताच तिथे जायचं, दिवसभर राहायचं आणि दिवेलागणीच्या आधी आपापल्या घरी परतायचं. गावातली टवाळ पोरं त्याला दारुड्यांची शाळा म्हणत. शाळेसारखंच होतं ते. आल्या आल्या काल प्यायलो की नाही ते खरं सांगायचं. खोटं बोललं तर कंपौंडरभाऊ रागवत नसत, नुसते बघत राहत, आणि माणूस आपोआप खरं बोले. मग तांदळाची पेज, आणि पेजेनंतर काम. कुणी अंबाडीचे दोर वळायचा, आमच्याकडचे लोक जाळी विणायचे. जाळ्याची गाठ पाहून कंपौंडरभाऊ ओळखत की याचा हात आज किती कापतो आहे. दुपार कलली की दारूच्या भट्टीकडून वारा यायचा आणि माणसं कासावीस व्हायची. त्या वेळेला भजन ठेवलेलं होतं. सूर कुणाचा लागत नसे, पण ओरडून गाण्यात तेवढा वेळ निघून जायचा. संध्याकाळी बायका न्यायला येत, कारण परतीची वाट भट्टीवरूनच होती. आम्ही बायका नवऱ्यांना मधे घालून, गुरं हाकल्यासारखं, तिथून पुढे काढत असू. भट्टीवरचे लोक हसायचे. आम्ही हसणाऱ्यांकडे बघतच नसू.

पहिल्याच आठवड्यात यांच्या जिवावर बेतलं. इतकी वर्षं अंगात मुरलेली दारू एकदम बंद झाली आणि शरीराने दावा मांडला. घामाने अंथरूण भिजलं. भिंतीवरून खेकडे उतरताहेत म्हणून हे ओरडायला लागले. भर दुपारी धर्मशाळेच्या ओसरीवर त्यांना झटका आला, दातखीळ बसली, डोळे पांढरे झाले. चौघांनी धरून ठेवलं होतं. कंपौंडरभाऊंनी त्यांच्या दातांत कापडाची घडी घातली, नाडी पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता माझ्या हातात काही नाही, यातून एखादा वाचतो, एखादा जातो. मी तशीच धावत निघाले. गावाची वाट कशी संपली ते मला कळलं नाही. पाळीवरच्या देवीपुढे आडवी पडले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले: "माझा मानूस वाचव, त्याची दारू सुटू दे. तुले मोहाची बाटली वाहीन."

वाचणारा हसेल. पण आमच्या देवीला तोच नवस चालतो. तिला कुणी बासुंदीचा नवस बोलत नाही. माझ्या आईने, सासूने, त्यांच्या आयांनी तिला हेच वाहिलं. दारू सुटावी म्हणून मी दारूच कबूल करते आहे, हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलंसुद्धा नाही. परत गेले तेव्हा हे शांत झोपले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेज मागितली.

पुढे पावसाळा सगळा बरा गेला. हे रोज शाळेत जात, त्यांच्या जाळ्याच्या गाठी सरळ बसायला लागल्या. माझ्या पोटात मात्र नवस सलत होता. शेवटी मी देवीच्या पुजाऱ्याला, लखमाभाऊंना, विचारलं. ते भले म्हातारे गृहस्थ, पण रीत म्हणजे रीत. ते म्हणाले, ज्याचा जीव मागितला त्यानेच देवीवर धार सोडायची आणि उरलेल्यातलं तीर्थ त्यानेच प्यायचं. दुसऱ्या कुणी घेतलं तर नवस फिटत नाही. मी कंपौंडरभाऊंकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बाई, तीर्थ असो की आणखी काही, थेंबभर तोंडात गेलं की हा माणूस पुन्हा पहिल्या जागी जाईल, आणि दुसऱ्यांदा त्याचं शरीर तो झटका सोसणार नाही. त्यांनी झिंगरूचं उदाहरण द्यायची गरज नव्हती. झिंगरू यांच्याच शेजारी बसून दोर वळायचा. पोळ्याच्या दिवशी मेहुण्याने आग्रह केला म्हणून त्याने एक घोट घेतला. चार दिवसांनी तो धानाच्या बांधीत पालथा सापडला, वीतभर पाण्यात. त्याची बायको अजून रोज संध्याकाळी आमच्याबरोबर त्या वाटेने यायची. कुणाला न्यायला येतेस, असं तिला कुणी विचारलं नाही.

मी नवस तसाच ठेवला. देवीला मनातल्या मनात म्हटलं, थोडं थांब. आणि दिवाळीच्या आधी आमच्या मुलीला ताप भरला. मुलगा गेल्यावर झालेली ती एकटीच. तोच हिव, तीच थरथर, तेच पांढरे पडलेले ओठ. कंपौंडरभाऊंनी कडू गोळ्या दिल्या, त्या पोटात ठरत नव्हत्या. घरात येणारी प्रत्येक बाई आधी मुलीकडे बघायची आणि मग माझ्याकडे. जाऊबाईंनी तोंडावर सांगितलं, की देवीचं देणं ठेवलंस, ती आपलं वसूल करते आहे. यांच्यापासून मी नवस लपवला होता. त्या दिवशी त्यांना कळलं. ते कितीतरी वेळ मुलीच्या उशाशी बसून राहिले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीच्या जिवापरीस माह्यं सुटनं मोठं नाई. मी घेतो."

विचार करूनच बोलला होता तो माणूस. झिंगरूला त्याने पाहिलं होतं. मुलगी मरेल नाहीतर हे मरतील, आणि दोन्हीचं कारण माझी जीभ. मी कुणाला दोष देऊ?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला जाऊबाईंच्या मांडीवर ठेवून आम्ही पाळीवर गेलो. लखमाभाऊ आधीच येऊन बसले होते. बाटली मीच भट्टीवरून आणली होती. भट्टीवाल्याने मला ओळखलं आणि तो त्या दिवशी हसला नाही. शेंदूर झाला, नारळ झाला. यांनी बाटलीची धार देवीवर सोडली. वास उठला आणि यांच्या नाकपुड्या फुलल्या. लखमाभाऊंनी उरलेली दारू पळसाच्या पानाच्या दोन्यात ओतून तो दोना यांच्या हातात दिला. गाठी मारताना न कापणारे ते हात पुन्हा कापायला लागले. मी मनात ठरवून आले होते की तोंडाशी नेताना दोना हिसकावून फेकायचा, मग देवीने मला काय करायचं ते करावं. पण त्या क्षणी घरात पडलेली मुलगी डोळ्यांपुढे आली आणि माझा हात उचलेना. मला काहीच करता येत नाही, हे मला तेव्हा समजलं. इतके महिने मी या माणसाला धरून चालले, भट्टीवरून पुढे ढकलत आणलं, आणि वाटत होतं की माझ्या धरण्यामुळेच तो उभा आहे. मी डोळे मिटले आणि म्हटलं, मी हरले. तो तुझा, पोरगी तुझी, तुला काय न्यायचं ते ने. त्यात भक्ती होती असं मी म्हणणार नाही. नुसता थकवा होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "याची माय कुठी हाये?"

पाळीच्या उतारावर एक म्हातारी उभी होती. डोक्यावर सरपणाचा भारा, दंडावर गोंदण, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. जंगलाकडून येणाऱ्या बाया त्या वाटेने बाजाराला जातात, तशीच एक. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप उत्तर गेलं, की ती यांच्या लहानपणीच गेली.

म्हातारीने भारा खाली टाकला आणि जवळ आली. यांच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं, मग कापणाऱ्या हातांकडे. "मंग मी आहो याची माय," ती म्हणाली. "लेकराच्या वाटचं माय घेते. आन इकडं."

आणि यांच्या हातातून दोना घेऊन ती एका दमात प्यायली. पदराने तोंड पुसलं, दोना देवीच्या पायाशी पालथा घातला. लखमाभाऊंनी पालथा दोना उचलून पाहिला. मग ते हळूच म्हणाले, की तान्ह्या लेकरांचा नवस फेडताना तीर्थ आईच घेते, ती रीत आहेच. एवढ्या मोठ्या माणसासाठी कुणी मागितली नव्हती, पण रीत आहे. नवस फिटला. हे तिच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागले. मुलाला नेलं तेव्हाही ते रडले नव्हते. म्हातारीने त्यांच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला, मला भारा डोक्यावर चढवून द्यायला सांगितलं आणि पाळीवरून निघून गेली. नाव विचारायचं मला सुचलं नाही. मीच तिच्या डोक्यावर भारा ठेवला, त्याचं वजन चांगलं होतं.

मुलीचा ताप पुढे दोन-तीन दिवसांत उतरला. गोळ्याही पोटात ठरायला लागल्या होत्या, तेव्हा कशाने उतरला यावर मी कुणाशी वाद घालत नाही. तिला एका कानाने कायमचं कमी ऐकू यायला लागलं. हे पुन्हा शाळेत जाऊ लागले. नंतर कधीच प्यायले नाहीत असं लिहिलं तर खोटं होईल. आणखी एकदा पडले, आणि पुन्हा उठून गेले. शेवटची कितीतरी वर्षं मात्र कोरडी गेली. झिंगरूच्या बायकोचं तसं झालं नाही. तिनेही देवाला हाक मारली नसेल असं कसं म्हणू? तिला का नाही आणि मला का, हे मला आजही कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं ते सांगतात त्यांच्याजवळ मी बसत नाही.

त्या म्हातारीला मी बाजारात पुष्कळ शोधलं. सरपण विकणाऱ्या बायांना विचारलं, कुणी सांगू शकलं नाही. कंपौंडरभाऊंना सगळी हकीगत सांगितली तर ते जरा हसले आणि म्हणाले, "बाई, तिला दारूची तलफ आली असेल. सकाळच्या पारी फुकटात मिळाली."

असेलही. तलफ काय असते ते आमच्या घराने पाहिलं होतं. तलफ आलेला माणूस दुसऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत बसत नाही, एवढं फक्त मनात आलं. पण ती देवी होती असंही मी कधी म्हटलं नाही. देवी पिते की नाही मला ठाऊक नाही. माझ्या माणसाच्या वाटचं कुणीतरी प्यायलं आणि तो माझ्याबरोबर चालत घरी आला. मी रोज हात जोडते ते तिला.